घरगुती अडचण

"बाई, तुम्ही खुर्चीवर बसा," आबा शिंगटे म्हणाले, आणि माझ्या नवऱ्याला त्यांनी नुसत्या बोटाने खाली सतरंजी दाखवली.

बोरगेवाडीच्या मारुतीचा सभामंडप. रविवार, सकाळचे साडेदहा. समोर सतरा पुरुष. हा आकडा मला आजही पाठ आहे, कारण कळ आली की मी काहीतरी मोजत बसायचे आणि त्या दिवशी मोजण्यासारखं तेवढंच होतं. आबा म्हणजे गावच्या तंटामुक्ती समितीचे अध्यक्ष. त्यांच्या शेजारी आमच्या शाळेचे मुख्याध्यापक केंगार गुरुजी, मांडीवर फाइल घेऊन. फाइलीत माझ्या हातचे रजेचे अर्ज होते. आणि सतरंजीवर मान खाली घालून बसला होता हणमंत, माझा नवरा.

गुन्हा काय, तर हा मला मारतो.

खरं सांगायचं तर हणमंताने मला जन्मात कधी मारलं नव्हतं. मारायलाही अंगात काही धमक लागते. हा माणूस आईसमोर भाजीत मीठ कमी आहे म्हणायला कचरायचा. दूध शीतकरण केंद्रावर कारकून, शर्टाच्या खिशाला दोन पेनं, कुणाच्या अध्यात ना मध्यात. असा माणूस बायकोला बडवतो हे गावाने ठरवलं ते माझ्यामुळे. माझ्या अर्जांमुळे.

मी तिथल्या जिल्हा परिषदेच्या शाळेत चौथीला शिकवायचे. शिक्षणसेवक म्हणून लागून अडीच वर्षं झाली होती. महिन्यातले दोन दिवस मला शाळेत जाणं जमायचं नाही. शाळा कुठली, अंथरुणातून मोरीपर्यंत जायचं तरी भिंत धरून. तेराव्या वर्षापासूनचं दुखणं. आई म्हणायची, लग्न झालं की थांबेल. लग्न झालं, तर सासूबाई म्हणाल्या, मूल झालं की थांबेल. मूल होत नव्हतं, म्हणजे थांबायचा प्रश्नच मिटला. ओटीपोटात पिळे पडायचे, कंबर मोडायची, मांड्यांपर्यंत कळा उतरायच्या, वर उलट्या. आणि पाळीच्या आधीचा आठवडा त्याहून वाईट, कारण तेव्हा दुखायचं कमी आणि मीच वाईट व्हायचे. पोरांवर खेकसायचे. एकदा पाढा चुकला म्हणून एका पोरीची पाटी भिरकावून दिली आणि मग मधल्या सुट्टीत शाळेमागे जाऊन रडले. घरी कुणी 'चहा घे' म्हटलं तरी डोळ्यांत पाणी यायचं. हणमंत जवळ आला की अंग आक्रसायचं, दुखायचंच तेवढं. शेवटी त्याने आपली बाज वेगळी टाकली. तेही न बोलता. त्याचं सगळं न बोलता असायचं. त्याची आई शेजारी गेली की तो पाणी तापवून शेकायची रबरी पिशवी भरून आणायचा आणि ती परतायच्या आत पिशवी कपाटात दडवायचा.

अर्जात मी दर महिन्याला एकच ओळ लिहायचे: 'घरगुती अडचणीमुळे दोन दिवसांची रजा मिळावी.' माझं माहेर गडहिंग्लजचं. आमच्याकडे बाईला अडचण आहे म्हटलं की शेंबड्या पोरालाही कळतं. देवाला शिवू नकोस, लोणच्याच्या बरणीला हात लावू नकोस, तुला अडचण आहे. मला वाटायचं गुरुजींनाही कळतंय. दर महिन्याला, ठरल्यासारखे दोन दिवस, आणखी काय दवंडी पिटायची? ते काही न विचारता सही करायचे, हजेरीत सांभाळून घ्यायचे. मी म्हणायचे, माणूस जुन्या वळणाचा, पण समजूतदार.

समजूतदारच होते ते. फक्त त्यांची समजूत वेगळी होती. घरगुती अडचण म्हणजे घरातली भांडणं, असं त्यांनी धरलं होतं. दोन दिवसांनी मी शाळेत यायचे ती पांढरीफटक, डोळ्यांखाली काळं, एक हात पोटावर, खुर्चीवरून उठताना ओठ चावत. तीस-एकतीस अर्ज साठल्यावर त्यांना राहवेना. मुलीसारखी बाई, म्हणाले, आणि आबांच्या कानावर घातलं. आबांना त्या वर्षी मिटवायला तंटे मिळत नव्हते. बांधाचे दोन मिटले होते आणि एक कोंबडीचा. शाळेतल्या बाईंचा तंटा म्हटल्यावर त्यांचे डोळेच चमकले असतील.

मला हे सगळं कळलं ते बैठकीच्या आदल्या दिवशी. आणि तेव्हा माझं डोकं भलत्याच ठिकाणी होतं.

त्याच्या महिनाभर आधी मी मिरजेला एका डॉक्टरीणबाईंकडे जाऊन आले होते. हणमंत बरोबर होता. वीस वर्षांच्या दुखण्याला पहिल्यांदा नाव मिळालं. एंडोमेट्रिऑसिस. बाईंनी कागदावर चित्र काढून समजावलं. गर्भाच्या पिशवीच्या आत जे अस्तर असतं, तसंच माझ्या पिशवीच्या बाहेरही उगवलं होतं. दर महिन्याला तिथंही रक्त सुटायचं, पण त्याला बाहेर पडायला वाट नाही. ते आतच साकळायचं, आतडं कशाला तरी चिकटवून ठेवायचं. डाव्या बाजूला लिंबापेक्षा मोठी गाठ झाली होती. बाई म्हणाल्या, दुर्बिणीतून ऑपरेशन करावं लागेल, दोन महिन्यांच्या आत. उशीर केलात तर गाठ फुटेल, आतड्यावर जाईल. मग मला पुढचं काही सांगता येणार नाही.

मी त्या खुर्चीतच रडले. घाबरून नाही. मी नाटकं करत नव्हते, हे कुणीतरी कागदावर लिहून दिलं होतं म्हणून.

घरी सांगितल्यावर सासूबाईंनी पहिल्यांदा दार लावून घेतलं. मी त्यांना आत्या म्हणायचे. त्यांचं म्हणणं असं की ऑपरेशन म्हणजे पिशवीच काढणार, आणि पिशवी गेली तर नातू कुठून आणायचा? नाही काढली तरी गावात बोभाटा व्हायचा की शिंद्यांच्या सुनेच्या पोटात कीड आहे. झाकली मूठ सव्वा लाखाची. मी हणमंताकडे बघितलं. त्याने त्या डॉक्टरीणबाईंचं चित्र डोळ्यांनी बघितलं होतं. तो म्हणाला, दिवाळीनंतर बघू. दिवाळीला तीन महिने होते.

नोकरीत मला आजारपणाची रजा नव्हती. घरून कुणी बरोबर यायला तयार नव्हतं. ऑपरेशनला पंधरा दिवस हवे होते आणि ते पंधरा दिवस कुठून काढायचे, एवढी एकच गोष्ट माझ्या डोक्यात फिरत होती. त्यात हा तंटा.

बैठकीच्या दिवशी सकाळीच पाळी आली होती. तारखेपेक्षा दोन दिवस आधी. मी आत्यांना म्हटलं, मला मारुतीच्या देवळात बसता यायचं नाही. एरवी या बाईने चार दिवस मला पाण्याच्या माठाजवळ फिरकू दिलं नव्हतं. तुळशीवर माझी सावली पडली तर अंगण पुन्हा शिंपायच्या. त्या दिवशी मात्र म्हणाल्या, "जा गुमान. नाही गेलीस तर का नाही आली म्हणून विचारतील. देवाला काय, देव समजून घेतो."

देव समजून घेतो हे मला त्या घरात चार वर्षांत पहिल्यांदा कळत होतं.

तर मी खुर्चीवर, तो सतरंजीवर. गुरुजींनी अर्ज काढून एकेक तारीख वाचली. बिचाऱ्यांचा आवाज कापत होता. बाईंनी कधी एका शब्दाने तक्रार केली नाही, म्हणाले, तोंड दाबून बुक्क्यांचा मार सोसला. पण आम्हाला डोळे आहेत. मग आबांनी खाकरून हणमंताला विचारलं, हे खरं का?

मला हसू आलं. वाटलं, आता हा सांगेल. आता काही आईच्या पदराआड जाता येणार नाही. सतरा माणसांत बायकोला मारल्याचा आळ येतोय म्हटल्यावर कुठलाही माणूस म्हणेल, अहो, मी कशाला मारू, ती आजारी आहे. एवढं तो म्हणाला की पुढचं मी सांगणार होते. डॉक्टरीणबाईंचा कागद मी ब्लाउजमध्ये घडी करून आणला होता. गुरुजी रजा देतील, गावच सांगेल ऑपरेशन करा म्हणून. सोनाराने कान टोचले म्हणजे दुखत नाहीत. तंट्यातून काही चांगलं निघतंय असं मला क्षणभर वाटून गेलं.

हणमंताने मान वर केली नाही. "चुकलं," तो म्हणाला. "रागाच्या भरात हात उठतो."

सभामंडपात कुणी दचकलं नाही. उलट सगळे जरा सैलावलेच. दोघा-तिघांनी तर मान डोलावली, हात उठतो म्हटल्यावर ओळखीचा माणूस भेटल्यासारखी. एक म्हातारा म्हणाला, तरणं रक्त आहे, होतं असं. आबांनी त्याला शिकवणीचे चार शब्द सुनावले. शिकलेली बायको, चार पोरं घडवणारी, तिच्यावर हात टाकतोस म्हणजे काय. हणमंत हो हो करत होता.

मी त्याच्याकडे बघत राहिले. तो बायकोला मारणारा व्हायला तयार होता. बायकोचा आजार सांगायला तयार नव्हता. मारणारा नवरा सतरंजीवरून उठून पुन्हा माणसांत बसू शकतो, चहा पिऊ शकतो. बायको पोटाची अधू आहे म्हणून सांगणारा नवरा कुठं बसणार? हे त्याने एका क्षणात ताडलं होतं आणि मला, बी.ए., डी.एड., एवढी वर्षं लागली होती.

मी उभी राहिले. "हे खोटं आहे," मी म्हणाले. "यांनी मला कधी हात लावलेला नाही."

"बाई, घाबरू नका," गुरुजी म्हणाले.

"मी घाबरत नाही, गुरुजी. मला आजार आहे. पाळीचा आजार आहे. दर महिन्याला त्याच्यासाठी रजा घेते. अडचण म्हणजे ती अडचण. आत्ताही माझा पहिला दिवस आहे आणि मला उभं राहवत नाही. हा मिरजेचा कागद बघा."

मी कागद पुढे केला. कुणी हात केला नाही.

सतरा जणांची मान एकाच वेळी गाभाऱ्याकडे वळली. मारुती तिथेच होता, शेंदूर माखलेला, कालच्या शनिवारच्या रुईच्या माळेसकट. मग सगळे माझ्या खुर्चीकडे बघू लागले, खुर्चीखालच्या फरशीकडे. मागे कुणीतरी उठून उभं राहिलं. गुरुजींचा चेहरा तर असा पडला की मलाच त्यांची कीव आली. एकतीस अर्जांवर त्यांनी सही केली होती, म्हणजे एकतीस वेळा त्यांनी काय वाचलं होतं हे त्यांना आत्ता कळत होतं.

आबा मुरलेला माणूस. त्यांनी आधी हणमंताकडे बघितलं. म्हणाले, काय म्हणते ही?

"खोटं बोलती," हणमंत म्हणाला. आवाज एकदम खणखणीत होता, घरात मी कधी ऐकला नव्हता असा. "घरी गेल्यावर मी मारीन म्हणून भिती. असलं काही नाही तिला. मीच मारतो."

आणि त्यांनी त्याचं खरं मानलं. पुरुषाने स्वतःवर घेतलेला खोटा आळसुद्धा बाईच्या खऱ्या बोलण्यापेक्षा वजनदार. शिवाय माझं खरं मानायचं तर देऊळ धुवायचं आलं, मारुतीला अभिषेक आला, विटाळशीला समितीनेच आणून खुर्चीवर बसवलं हे सगळ्या पंचक्रोशीत झालं असतं. कुणाला हवं होतं ते? उभा राहिलेला माणूस पुन्हा खाली बसला.

आबांनी आवाज मऊ केला. म्हणाले, पोरी, नवऱ्याची अब्रू झाकायला बघतीस, तुझे संस्कार चांगले आहेत. पण आता शेवटचं विचारतो. हा मारतो, असं म्हणालीस तर समिती तुझ्या पाठीशी आहे. याच्याकडून लिहून घेतो, तू पंधरा दिवस माहेरी जाऊन ये, अंगाला जरा विश्रांती मिळेल, रजेचं गुरुजी बघतील. नाही म्हणालीस तर मग तंटाच नाही. उद्यापासून शाळा, आणि या दर महिन्याच्या रजा बंद.

पंधरा दिवस. तो आकडा त्यांच्या तोंडून आला आणि माझ्या हातातला कागद मी घडी करून परत ब्लाउजमध्ये घातला.

"बोल पोरी. मारतो का?"

हणमंताने तेव्हा पहिल्यांदा माझ्याकडे बघितलं. विनवत होता. कशासाठी विनवत होता ते तुम्हाला कळलंच असेल.

"हो," मी म्हणाले.

जीभ इतकी जड झाली होती की आबांनी पुन्हा विचारलं, आणि मला पुन्हा म्हणावं लागलं. मग समितीच्या वहीत सगळं लिहिलं गेलं. 'पत्नीस वारंवार मारहाण करीत असल्याचे मान्य.' खाली हणमंताची सही, शेजारी माझी, साक्षीदार केंगार गुरुजी. नारळ फुटला, पेढे वाटले. मी पेढा घेतला नाही; अडचण होती ना.

दुसऱ्या दिवशी तो मला एसटी स्टँडवर सोडायला आला. गाडी लागल्यावर माझी पिशवी वर ठेवताना म्हणाला, "बरं झालं हो म्हणालीस. आईला गावात तोंड दाखवायला जागा राहिली." मग खाली उतरता उतरता म्हणाला, "तिकडं गेल्यावर काय करायचं ते कर. फक्त मला सांगू नकोस."

मला त्या माणसाचा तोवर कधी एवढा राग आला नव्हता. त्याने मला खरंच मारलं असतं तर निदान उलटून मारता तरी आलं असतं.

गडहिंग्लजला मी एक रात्र राहिले. भावाने खूप आढेवेढे घेतले, पण वहिनी पदर खोचून उठली आणि माझ्याबरोबर मिरजेला आली. सही तिनेच केली. साडेतीन तास चाललं ऑपरेशन. डावा बीजांडकोश वाचला नाही. महिनाभर आधी आला असतात तर कदाचित, एवढंच डॉक्टरीणबाई म्हणाल्या. आतडं मोकळं केलं. सोळाव्या दिवशी मी शाळेत हजर झाले, पोटाला पट्टा बांधून. गुरुजींनी वर न बघता हजेरीपट पुढे सरकवला. पुढे मी रजेच्या अर्जात 'पाळीच्या त्रासामुळे' असं स्वच्छ लिहायला लागले, तेव्हाही ते वर न बघताच सही करायचे. रजा मात्र दिली, नाही म्हणायचं नाही.

दुखणं पूर्ण गेलं नाही. ते जात नाही, कमी होतं, पुन्हा डोकं काढतं, गोळ्या घ्यायच्या, गोळ्यांनी वजन वाढवून घ्यायचं, विनाकारण चिडायचं आणि आपण का चिडलो हे आपल्यालाच समजावून सांगायचं. हणमंत आणि मी आणखी चार वर्षं एका घरात राहिलो. त्याने काय काढलं, काय राहिलं, एकदाही विचारलं नाही. मूल झालं नाही. मग आत्यांनी त्याच्यासाठी कवठेमहांकाळची एक मुलगी बघितली आणि मला विट्याच्या वकिलाची नोटीस आली.

ती मी तीनदा वाचली. पत्नीस एंडोमेट्रिऑसिस नावाचा आजार असून तो तिने लग्नाआधीपासून लपवून ठेवला. पतीस अंधारात ठेवून, त्याच्या संमतीशिवाय, तिने एक बीजांडकोश काढून घेतला. जो शब्द चार माणसांत उच्चारायचा नव्हता, तो आता टाइप करून आला होता, स्पेलिंगसुद्धा बरोबर. मिरजेची फाइलही जोडली होती. माझ्या कपाटातून नेली असणार.

माझ्या वकीलबाई कर्नाळे, चष्म्यावरून बघणाऱ्या, कडक. त्यांनी दोन्ही बाजूंना आपल्या ऑफिसात बोलावलं, कोर्टाआधी काही जमतं का बघायला. हणमंत, त्याचे मामा, त्यांचा वकील. बाईंनी त्यांचं सगळं ऐकून घेतलं आणि मग बोरगेवाडीच्या समितीच्या वहीची नक्कल टेबलावर ठेवली. मारहाण मान्य. सही. साक्षीदार मुख्याध्यापक.

हणमंताने ती वाचली. कानापर्यंत लाल झाला. "हे खोटं आहे," तो म्हणाला. "मी हिला आयुष्यात कधी बोटसुद्धा लावलेलं नाही."

त्याच्या वकिलाने त्याच्याकडे बघितलं. मामांनीही. कुणाचाच विश्वास बसला नाही.

"आईशप्पथ सांगतो," तो म्हणाला आणि माझ्याकडे वळला. "विजू, तू तरी खरं सांग यांना."

ते तोंड तेच होतं, सतरंजीवरून विनवणारं. वकीलबाईंनी चष्मा काढला आणि मला विचारलं, मारायचे का तुम्हाला?

"हो," मी म्हणाले. या वेळी जीभ जड झाली नाही.